लाल टोपीचा पॅक : निंटेंडो ६४ च्या एक्स्पान्शन पॅकविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या कन्सोलचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राचा, विषय निघाला की लोक मला बहुतेक वेळा याच एका तुकड्याबद्दल विचारतात. काडेपेटीपेक्षा जरा मोठा, काळा, वर लाल जाळीची टोपी असलेला. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत. हा तुकडा माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, एवढंच त्याचं कारण.

एक्स्पान्शन पॅक म्हणजे नेमकं काय?

निंटेंडो ६४ हा कन्सोल जून १९९६ मध्ये जपानमध्ये आणि त्याच वर्षी सप्टेंबरात अमेरिकेत विक्रीला आला. त्यात मुळात ४ एमबी मेमरी होती. प्रोसेसरचं काम, चित्र, आवाज, सगळं त्याच ४ एमबीत. चित्रासाठी वेगळी मेमरी असा प्रकारच नव्हता. मात्र कन्सोलच्या पुढच्या भागात, कंट्रोलर जोडायच्या जागांच्या वरच्या बाजूला, एक छोटं झाकण पहिल्या दिवसापासून होतं आणि त्यावर ‘मेमरी एक्स्पान्शन’ असं लिहिलेलं होतं. १९९८ च्या अखेरीस त्या झाकणाखाली बसणारा पॅक अमेरिकेत आला. त्यात आणखी ४ एमबी. म्हणजे एकूण ८.

फक्त ४ एमबी? माझ्या मोबाईलमधला एक फोटो तेवढा असतो!

बरोबर, पण हिशेब तेव्हाच्या पडद्याचा करायला हवा. त्या काळात गेमचं चित्र साधारण ३२० गुणिले २४० ठिपक्यांचं असायचं. एका ठिपक्याला २ बाइट धरले तर एक चित्र १५० केबीचं झालं. पडद्यावर एक चित्र दिसत असताना पडद्यामागे पुढचं तयार होत असतं, म्हणून दोन चित्रं. शिवाय कोणती वस्तू पुढे आणि कोणती मागे याची नोंद ठेवायला तेवढीच तिसरी जागा. एकूण ४५० केबी. ४ एमबीत हे आरामात बसतं.

आता चित्र ६४० गुणिले ४८० करा. ठिपके चौपट होतात आणि ४५० चे १,८०० केबी होतात. जवळजवळ निम्मी मेमरी नुसत्या चित्रानेच खाल्ली. उरलेल्यात जमीन, झाडं, शत्रू, आवाज, गेमचं सगळं गणित बसवायचं. एका खोलीत संसार आणि त्यात लग्नाचे पाहुणे, तशी गत. पॅकने त्या खोलीला मागे एक पडवी काढून दिली.

तुमच्याकडे तो आला कसा? भारतात तेव्हा हे मिळत होतं का?

आमच्या डोंबिवलीत तरी नव्हतं. आमच्या चाळीत ‘टीव्ही गेम’ म्हणजे जुन्या आठ-बिट निंटेंडोची नक्कल आणि तिच्या रंगीत कॅसेटी. कार्ट्रिजला आम्ही कॅसेटच म्हणायचो. निंटेंडो ६४ आला तो मामामुळे. तो न्यू जर्सीत नोकरीला होता आणि १९९८ च्या मे महिन्यात येताना त्याने बॅगेत कपड्यांच्या मध्ये गुंडाळून आणला. सोबत एकच कॅसेट, ‘सुपर मारिओ ६४’.

अमेरिकेतला कन्सोल १२० व्होल्टचा, म्हणून मामाने लॅमिंग्टन रोडवरून स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणून दिला. तो एवढा जड होता की मला दोन्ही हातांनी उचलावा लागायचा. दुसरी अडचण टीव्हीची. अमेरिकेतलं चित्र एनटीएससी पद्धतीचं, आमचा टीव्ही पाल पद्धतीचा. त्यामुळे चित्र यायचं, पण काळं-पांढरं. दोन वर्षं मी मारिओची टोपी राखाडीच पाहिली आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही. एवढा तो गेम सुंदर होता.

२००० च्या उन्हाळ्यात मामा परत आला तेव्हा त्याच्याकडे ‘डाँकी काँग ६४’ चा मोठा खोका होता. नेहमीच्या गेमच्या खोक्यापेक्षा जाड, कारण आत गेमसोबत एक्स्पान्शन पॅकही होता. दुपारची वेळ, पंखा गरगरतोय, आई आत आमरसासाठी आंबे पिळतेय आणि मी आणि मामा जमिनीवर पालथे पडून कन्सोलचं झाकण उघडतोय. खोक्यात एक प्लास्टिकचं छोटं हत्यार होतं, आतला तुकडा उचकटून काढायला. मामा म्हणाला, “तूच कर.” माझा हात थरथरत होता. जुना तुकडा ‘टक्’ करून वर आला, नवा खाली दाबला, तो खोल जाऊन बसला आणि त्याची लाल टोपी वर दिसू लागली. आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या यंत्राच्या आत स्वतःच्या हाताने काहीतरी बसवलं होतं. पुढे मी इलेक्ट्रॉनिक्सला गेलो, त्याची सुरुवात माझ्या हिशेबी त्या दुपारी झाली.

गेम सुरू झाला आणि नवीनच पेच पडला. ‘डाँकी काँग ६४’ मध्ये पाच माकडं आहेत आणि प्रत्येकाने आपल्याच रंगाची केळी गोळा करायची : पिवळी, लाल, निळी, जांभळी, हिरवी. आमच्या टीव्हीवर पाचही राखाडी. शेवटी वडिलांनी मस्कतहून परतलेल्या शेजाऱ्यांचा मल्टिसिस्टिम टीव्ही महिनाभरासाठी मागून आणला. केबल जोडली आणि पडद्यावर एकदम हिरवं जंगल उभं राहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आई हातातला पोळीचा उलथना तसाच धरून बघत राहिली होती.

हा म्हणजेच गेम सेव्ह करायचा पॅक का?

नाही. हा घोळ फार जणांचा होतो, कारण निंटेंडोने सगळ्यालाच ‘पॅक’ म्हटलं होतं. सेव्ह करायचा तो कंट्रोलर पॅक. तो कंट्रोलरच्या पोटात खालून बसतो आणि त्यात फक्त ३२ केबी जागा असते. कंट्रोलर थरथरवणारा तो रंबल पॅक. एक्स्पान्शन पॅक काहीही साठवून ठेवत नाही. वीज गेली की तो कोरा.

पॅक बसवण्याआधी आत जो तुकडा असतो तो कशाला? तो काढून ठेवला तर?

तो जंपर पॅक. त्यात मेमरी अजिबात नसते, पण त्याच्याशिवाय कन्सोल सुरूच होत नाही. पडदा काळा राहतो.

कारण मेमरीच्या जातीत आहे. निंटेंडो ६४ मध्ये रॅमबस कंपनीची आरडीरॅम वापरली होती. या मेमरीत संदेश एका ओळीतून अतिशय वेगाने धावतात आणि ती ओळ जिथे संपते तिथे तिचा नीट शेवट करावा लागतो. नाहीतर संदेश टोकावर आपटून परत उलटे येतात आणि सगळा गोंधळ होतो. जंपर पॅक म्हणजे त्या ओळीचा शेवट. एक्स्पान्शन पॅक बसवला की ओळ त्याच्यातून पुढे जाते आणि तिचा शेवट त्याच्या आतच केलेला असतो.

म्हणून जुना कन्सोल विकत घेतलात आणि पडदा काळा दिसला, तर तो बिघडला असं लगेच समजू नका. आधी पुढचं झाकण उघडून बघा, आतली जागा रिकामी तर नाही ना. माझ्या एका मित्राने असाच ‘मेलेला’ म्हणून टाकून दिलेला कन्सोल घेतला होता. त्याला फक्त एक जंपर पॅक हवा होता.

पॅक बसवायचा कसा?

कन्सोल बंद करा, मागचा वीजपुरवठ्याचा ठोकळाही काढा. झाकण उघडा. काढायचं हत्यार असेल तर उत्तम, नसेल तर प्लास्टिकची पातळ पट्टी घ्या. स्क्रू ड्रायव्हर किंवा चमचा घालू नका, कडेचं प्लास्टिक तुटतं आणि कधी आतले संपर्कही वाकतात. जंपर पॅक दोन्ही बाजूंनी थोडा थोडा उचलत काढा. एक्स्पान्शन पॅक सरळ धरून अंगठ्यांनी घट्ट दाबा. अर्धवट बसला तर पडदा काळाच राहील, तेव्हा घाबरून जाऊ नका, परत दाबा. संपर्कांवर काळपटपणा असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. लहानपणी आपण कॅसेटमध्ये फुंकर मारायचो, ती मात्र आता नको. थुंकीतल्या ओलाव्याने संपर्क गंजतात.

जंपर पॅक टाकून देऊ नका. नीट जपून ठेवा.

कोणत्या गेमना हा लागतोच?

पूर्णपणे अडून बसणारे मुख्य गेम दोन : ‘डाँकी काँग ६४’ (१९९९) आणि ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : मेजोराज मास्क’ (२०००). पॅक नसेल तर हे सुरूच होत नाहीत.

तिसरा ‘परफेक्ट डार्क’ (२०००). तो पॅकशिवाय सुरू होतो खरा, पण गेमचा साधारण ३५ टक्केच भाग खेळता येतो. एकट्याने खेळायच्या मोहिमा तर बंदच. असा गेम घेऊन घरी आलेल्या मुलाला काय वाटलं असेल, याचा विचार माझ्या मनात अजून येतो.

बाकीचे गेम पॅक असला तर फायदा घेतात, नसला तरी चालतात. ‘टुरॉक २’ आणि ‘स्टार वॉर्स : रोग स्क्वॉड्रन’ हे १९९८ चे गेम त्यातले सुरुवातीचे. दोन्हींत पॅकमुळे चित्र जास्त बारीक आणि रेखीव होतं.

‘डाँकी काँग ६४’ मधल्या एका बगमुळे (प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे) पॅक फुकट द्यावा लागला, ही गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी सांगतात : पॅक नसताना गेम मध्येच बंद पडायचा, कारण सापडेना, पॅक लावला की बंद पडायचा थांबायचा. म्हणून गेम बनवणाऱ्या ‘रेअर’ कंपनीला नाइलाजाने प्रत्येक खोक्यात पॅक घालावा लागला. ही गोष्ट रेअरमध्येच काम केलेल्या एका प्रोग्रॅमरने सांगितली होती, त्यामुळे ती जगभर पसरली. पण या गेमच्या कलाविभागाचे प्रमुख मार्क स्टीव्हनसन यांनी नंतर सांगितलं की असा बग होता हे खरं, पण तो कामाच्या अगदी शेवटी सापडला. पॅक वापरायचा निर्णय त्याच्या कितीतरी आधी झाला होता. मला स्टीव्हनसन यांचं म्हणणं पटतं. त्या गेममधली जंगलं, झोके घेणारे दिवे आणि भिंतींवर हलणारा त्यांचा उजेड बघितला की ही जागा आधीपासून हिशेबात धरली होती असंच वाटतं.

पॅक लावला तरी काही गेम हळू का होतात?

कारण पॅकमुळे जागा वाढते, वेग वाढत नाही. चित्र काढणारी चिप तीच, मेमरीपर्यंत जाणारा रस्ताही तेवढाच रुंद. चौपट ठिपके रंगवायचे तर वेळ जास्त लागणारच. त्यामुळे ‘टुरॉक २’ मध्ये मोठं चित्र चालू केलं की गर्दीच्या जागी गेम अडखळतो. मी स्वतः तो साध्या चित्रावरच खेळतो. दिसायला जरा धूसर, पण हाताला बरा.

याच्या उलट एक उदाहरण आवर्जून सांगतो. ‘वर्ल्ड ड्रायव्हर चॅम्पियनशिप’ (१९९९) हा मोटारींच्या शर्यतींचा गेम पॅक नसतानाही ६४० गुणिले ४८० चित्र दाखवतो, वर-खाली काळ्या पट्ट्या ठेवून. बॉस गेम स्टुडिओजच्या मंडळींनी मूळच्या ४ एमबीतच ते बसवलं. म्हणूनच, चित्र मोठं झालं हेच पॅकचं खरं काम, असं मला कधी वाटलं नाही.

मग खरं काम कोणतं?

माझ्या मते ‘मेजोराज मास्क’. एका ओळीत संपणारं उत्तर नाही हे.

आधीचा झेल्डा, ‘ऑकरिना ऑफ टाइम’, १९९८ मध्ये मूळच्या ४ एमबीवरच उभा राहिला आणि अजून लोक त्याला डोक्यावर घेतात. त्याच्यानंतर एजी आओनुमा आणि योशिआकी कोइझुमी यांनी जेमतेम वर्षभराच्या कामात दुसरा गेम केला. एप्रिल २००० मध्ये तो जपानमध्ये आला. त्यात आकाशातून चंद्र खाली येतोय आणि तीन दिवसांनी तो गावावर कोसळणार आहे. हे तीन दिवस खऱ्या घड्याळाने सुमारे ५४ मिनिटांत संपतात. मग आपण काळ उलटा फिरवायचा आणि पहिल्या दिवसाच्या सकाळी परत उभं राहायचं.

या गावाचं नाव क्लॉक टाउन. इथला प्रत्येक माणूस आपल्या वेळेने वागतो. पोस्टमन ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने धावतो. सुतार जत्रेचा मनोरा बांधत असतात. खाणावळीतली अंजू लग्नाआधी बेपत्ता झालेल्या आपल्या माणसाची वाट बघत असते. दुसऱ्या दिवशी पाऊस पडतो. तुम्ही काहीही न करता चौकात नुसते उभे राहिलात तरी हे सगळं चालूच राहतं.

एका पडद्यावर इतकी माणसं एकाच वेळी, दूरवरूनही दिसणारी, हे जुन्या जागेत बसलं नसतं. पॅकमुळे मिळालेली मेमरी इथे चकचकाटावर उधळलेली नाही, ती माणसांना दिली आहे. मी हा गेम २००१ मध्ये पहिल्यांदा खेळलो. शेजाऱ्यांचा टीव्ही तोवर परत गेला होता, त्यामुळे चंद्र, पाऊस, अंजूची छत्री, सगळं काळं-पांढरंच. चंद्राला तर ते शोभूनच दिसलं. तिसऱ्या रात्री गाव रिकामं होतं, घंटा वाजायला लागतात आणि तरी काही जण जागचे हलत नाहीत. त्या रात्री मी आवाज अगदी बारीक करून बसलो होतो, घरातले झोपले होते आणि ट्रान्सफॉर्मरची घरघर घंटेच्या खाली सतत ऐकू येत होती. आजही तो गेम लावला की ती घरघर मला आपोआप ऐकू येते.

६४डीडी आणि पॅकचा काय संबंध?

कन्सोलच्या खाली जोडायचा चुंबकीय डिस्कचा ड्राइव्ह म्हणजे ६४डीडी. मेमरी वाढवायची सोय मुख्यतः त्याच्यासाठी डोळ्यांसमोर होती. तो रखडत रखडत डिसेंबर १९९९ मध्ये फक्त जपानमध्ये आला आणि २००१ च्या सुरुवातीला बंदही झाला. त्याच्यासाठी केलेला पॅक मात्र जगभर पोचला.

मेमरी वाढवणारी अशी वस्तू ही पहिलीच का?

नाही. १९८२ मध्ये अटारी २६०० साठी स्टारपाथ कंपनीचा ‘सुपरचार्जर’ आला होता. त्या कन्सोलमध्ये मुळात अवघे १२८ बाइट मेमरी आणि सुपरचार्जर तिच्यात ६ केबी घालायचा. गेम मात्र साध्या ऑडिओ कॅसेटवरून भरायचे! सेगा सॅटर्नलाही मेमरी कार्ट्रिज होते. १९९७ मध्ये आलेल्या ४ एमबीच्या कार्ट्रिजमुळे ‘एक्स-मेन व्हर्सेस स्ट्रीट फायटर’ मधले खेळाडू लढत चालू असतानाच बदलता यायचे. पण ते फारसे जपानबाहेर पोचले नाहीत. निंटेंडोच्या पॅकला दोन मोठे गेम मिळाले, म्हणून तो लोकांच्या घरात आणि आठवणीत राहिला.

आज घ्यायचा असेल तर काय बघू?

दुसऱ्या कंपन्यांनी केलेलेही पॅक मिळतात. काही चांगले चालतात, काही भयंकर तापतात. निंटेंडोच्या पॅकवर लाल जाळीची टोपी असते आणि चिकटपट्टीवर एनयूएस-००७ हा क्रमांक असतो. एनयूएस-००८ दिसला तर तो जंपर पॅक. मला एकदा एका विक्रेत्याने ‘मेमरी पॅक’ म्हणून जंपर पॅकच पाठवला होता आणि पैसे परत मिळायला दोन महिने गेले. तेव्हा फोटोत क्रमांक नीट दिसत असेल तरच घ्या.

देशाची अडचण पॅकला नाही. अमेरिकेतला पॅक जपानी कन्सोलमध्ये आणि युरोपातला अमेरिकेच्या कन्सोलमध्ये चालतो. अडचण गेमच्या कॅसेटची आणि विजेची आहे. १२० व्होल्टचा ठोकळा आपल्याकडच्या प्लगला थेट जोडू नका, तो जळेल.

खेळताना पॅक कोमट होतो, ते ठीक आहे. वरच्या जाळ्या त्यासाठीच आहेत. बोट ठेववत नसेल तर मात्र काढून ठेवा.

पॅक कायम लावूनच ठेवायचा का?

हो. एखाददुसरा अपवाद आहे. ‘स्पेस स्टेशन सिलिकॉन व्हॅली’ हा गेम पॅक लावला असताना बंद पडतो अशी त्याची ख्याती आहे. त्याच्यासाठी जंपर पॅक परत लावावा लागतो. म्हणूनच वर म्हटलं, टाकून देऊ नका.

एम्युलेटर असताना हा खटाटोप कशाला?

नुसता गेम खेळायचा असेल तर खरंच गरज नाही. एम्युलेटर म्हणजे जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्रॅम, त्यात ८ एमबी एका सेटिंगवर मिळतात. निंटेंडोने तर ऑक्टोबर २०२१ मध्ये जुने ६४ चे गेम देणाऱ्या आपल्या वर्गणीलाच ‘एक्स्पान्शन पॅक’ असं नाव दिलं. ते नाव वाचून मला मनापासून आनंद झाला. पण त्यात झाकण उघडायचं नसतं. मला झाकण उघडायचं असतं.

तुमचा तो पहिला पॅक अजून चालतो का?

चालतो. गेल्या दिवाळीत माझ्या मुलीने कन्सोल माळ्यावरून काढायला लावला. ती नऊ वर्षांची आहे, मी तेव्हा होतो त्याच्यापेक्षा थोडी लहान. पॅक मी आधीच काढून ठेवला होता आणि जंपर पॅक आत बसवला होता, म्हणजे अदलाबदल तिलाच करता येईल. मामाच्या खोक्यातलं ते प्लास्टिकचं हत्यार अजून आहे, टोक जरा झिजलंय. तिने जुना तुकडा वर काढला, आत डोकावून बघितलं आणि विचारलं, “बाबा, हा रिकामाच आहे का?” मी म्हटलं, “हो, पण तो लागतो.” मग तिने लाल टोपीचा पॅक दोन्ही अंगठ्यांनी खाली दाबला. पहिल्यांदा अर्धवट बसला, पडदा काळा राहिला. मी काही बोललो नाही. तिने परत दाबला.